विजेचे आकडे : मोजलेले आणि मानलेले

आकडा पुढे आला की वाद मिटला, अशी आपली एक भाबडी समजूत असते. वक्त्याने 'इतके टक्के' म्हणताच श्रोते माना डोलावतात. परंतु प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : हा मोजलेला आहे की मानलेला? वीजधोरणाच्या चर्चेत तर त्यावाचून गत्यंतरच नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मी आपल्याच राज्यातील उदाहरण येथे मांडतो.

प्रथम एक साधा भेद. नाशिकजवळील एकलहरे येथील औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. म्हणजे स्थापित क्षमता ६३० मेगावॅट. तिन्ही संच पूर्ण भाराने चोवीस तास चालले, तर १ कोटी ५१ लाख २० हजार युनिट वीज होईल. एखादा संच बंद पडला तर वीज घटेल, पण क्षमतेचा आकडा तोच राहील. क्षमता म्हणजे वीज नव्हे.

याहून बिकट प्रश्न शेतीपंपांचा. ज्या पंपांना मीटर नाही, त्यांची आकारणी अश्वशक्तीवर होते आणि वापर अंदाजाने धरला जातो. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे ३.७३ किलोवॅट. तो वर्षात १,००० तास चालला असे मानले, तर वापर ३,७३० युनिट. २,००० तास मानले, तर ७,४६०. पंप तोच, विहीर तीच. बदलला तो फक्त अंदाज.

आता समजा, १०० युनिट वीज पुरवली व मीटरवर ६० नोंदली गेली. उरलेल्या ४० युनिटांत बिनमीटरचे पंप आणि गळती दोन्ही आले. गळतीत तारांमधील घट येते, तशीच चोरीही येते. पंपांचा वापर २५ मानला, तर गळती १५. तो १० मानला, तर गळती ३०!

हे केवळ फळ्यावरचे गणित नव्हे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ पूर्वी आपली गळती वीस टक्क्यांच्या आत दाखवीत असे. १९९९ मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला. त्याच्यापुढील जाहीर सुनावणीत पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी शेतीवापराच्या अंदाजावर बोट ठेवले. २००० सालच्या दरनिर्णयात गळती तीस टक्क्यांच्या वर धरली गेली. तारा काही एका वर्षात झिजल्या नव्हत्या. हिशेब बदलला होता.

या हिशेबाची झळ माणसांना बसते. निफाडचा द्राक्षबागायतदार वा येवल्याचा कांदा पिकवणारा 'फुकट वीज खाणारा' ठरतो. दुष्काळात विहीर आटली, तरी कागदावर त्याचा पंप चालूच राहू शकतो. शहरातील ग्राहक दरवाढीचा राग त्याच्यावर काढतो, आणि खरी चोरी मात्र झाकली जाते. शेतकऱ्याला सवलत मिळतच नाही, असे माझे म्हणणे नाही. ती किती मिळते, हे सांगण्यापूर्वी वापर मोजा, एवढेच म्हणणे आहे. गावठाणाची आणि शेतीची वाहिनी वेगळी करून तिच्या मुखाशी मीटर बसवणे, हा त्यावरचा एक व्यवहार्य उपाय होय.

मित्रहो, वादविवाद स्पर्धेत आपणही आकडे फेकतो. ते उच्चारण्यापूर्वी तीन गोष्टी विचारण्याची सवय आपण लावून घेऊ या : आकडा कशाचा, कितीपैकी, आणि तो मोजला कोणी?