एक इंच म्हणजे सहा फूट : विमानाची मापातली प्रतिकृती



वऱ्हांड्यात दोरीला टांगलेले पुठ्ठ्याचे विमान तुम्ही पाहिलेच असेल. येता-जाता त्याला टिचकी मारू नका, एवढी पहिली विनंती. ते 'किरण' नावाच्या जेट विमानाची प्रतिकृती आहे. आम्ही सातवीतल्या मुलांनी केलेली ही दुसरी प्रतिकृती. पहिलीचे काय झाले ते पुढे सांगतो.

सुगीच्या दिवसांत ज्वारीच्या धांड्याची बैलगाडी आपण सगळ्यांनीच केली आहे. धांडा सोलायचा, आतल्या पांढऱ्या गाभ्यात कामट्या खोचायच्या, की झाली गाडी. गाडी छानच दिसते. पण तिचे चाक बैलापेक्षा मोठे असते आणि बैलाची शिंगे जुवाला टेकलेली असतात. त्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण ते खेळणे आहे. प्रतिकृतीचे तसे नाही. प्रतिकृतीत खऱ्या वस्तूचा प्रत्येक भाग सारख्याच पटीत लहान करावा लागतो. पंख बहात्तर पटीने लहान केला तर शेपूटही बहात्तर पटीनेच, चाकही बहात्तर पटीनेच. एका भागाला सवलत दिली की सगळे बिघडले.

याला म्हणतात प्रमाण. भूगोलाच्या नकाशावर खाली प्रमाण लिहिलेले असते ना, तेच. विमानांच्या प्रतिकृतींसाठी जगभर १:७२ हे प्रमाण फार चालते. हा बहात्तर आकडा कुठून आला, असे आम्ही गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "सहा फुटांचे इंच किती?" सहा बारे बहात्तर! म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट ते आपले एक इंच. १९३० नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंडमध्ये हे प्रमाण रूढ झाले. तिकडे तेव्हा फूट-इंच चालत होते, म्हणून हिशोब सोपा. सहा फुटी उंच माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो.

आता आमच्या पहिल्या विमानाची गोष्ट. किरणचा पंखविस्तार १०.७० मीटर आहे, हे आम्हाला मिळाले. मीटरचे सेंटिमीटर केले, १०७०. त्याला ७२ ने भागले, १४.८६ आले. फूटपट्टीवर मिलिमीटरच्या खालचे मोजता येत नाही म्हणून १४.९ धरले. इथवर भागाकार बरोबर. मग १४.९ सेंटिमीटरचा एक पंख कापला, तेवढाच दुसरा कापला, दोन्ही धडाला चिकटवले, रंग दिला आणि शाळेच्या प्रदर्शनात मांडले. खाली पाटीवर झोकात लिहिले, 'प्रमाण १:७२'.

लोक वा वा म्हणत गेले. एक सुतारकाम करणारे मिस्त्री काका मात्र थांबले. त्यांनी विचारले, "काय रे पोरांनो, हे एकास बहात्तर म्हणजे इंचाला सहा फूटच ना?" आम्ही म्हणालो, "हो काका." त्यांनी खिशातला टेप काढून पंखाला लावला. "हा एक पंख सहा इंचाला थोडा कमी. म्हणजे छत्तीस फूट. दोन्हीकडचे मिळून बहात्तर फूट झाले, वरून मधलं धड. एवढं मोठं असतंय का हे विमान?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागलो. खरे किरण पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३५ फूट आहे, आणि आमचे ७२ फुटांच्या वर गेले होते. पंखविस्तार म्हणजे एक पंख नव्हे. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंतचे अंतर, मधले धड धरून, म्हणजे पंखविस्तार. आम्ही शब्दच चुकीचा वाचला होता. दिवसभर शेकडो लोकांनी विमान पाहिले आणि कोणाला काही वाटले नाही, कारण डोळ्यांना ते छान दिसत होते. काका रागावले नाहीत. उलट म्हणाले, "दरवाज्याची चौकट अशी झाली असती तर भिंत पाडावी लागली असती. हे पुठ्ठ्याचं आहे, परत करा." संध्याकाळी आम्ही पाटी काढून घेतली.

पुठ्ठ्याच्या विमानात चूक झाली तर एवढे काय बिघडते, असे काही जण म्हणाले. त्यांच्यासाठी गुरुजींनी सांगितलेली एक खरी हकीकत लिहितो. १९४२ साली दुसरे महायुद्ध चालू असताना अमेरिकेच्या नौदलाने तिथल्या शाळांतल्या मुलांकडून विमानांच्या पाच लाख प्रतिकृती मागवल्या. प्रमाण तेच, १:७२. लाकडातून कोरायच्या आणि काळा रंग द्यायचा. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे नुसत्या आकारावरून ओळखायला सैनिकांना शिकवायचे होते. रंग व खुणा दुरून दिसतच नाहीत, दिसते ती काळी आकृती. आता हिशोब बघा. १:७२ ची प्रतिकृती १० मीटरवर धरली, तर ती ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. म्हणजे वर्गाच्या एका भिंतीपाशी प्रतिकृती आणि दुसऱ्या भिंतीपाशी सैनिक, एवढ्यात आकाशाचा धडा होत होता. पण एखाद्या मुलाने आमच्यासारखा पंख लांब केला असता तर? त्यावरून शिकलेल्या सैनिकाने आपल्याच माणसांच्या विमानावर तोफ रोखली असती. म्हणून प्रत्येक प्रतिकृती तपासून घेत आणि चुकलेली परत पाठवत.

विमान बांधणाऱ्यांनाही आधी प्रतिकृतीच करावी लागते. राइट बंधूंनी १९०१ साली सहा फूट लांबीचे एक लाकडी खोके केले, त्यातून पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे छोटे छोटे नमुने त्यात धरून पाहिले. याला वातबोगदा म्हणतात. आपण निवडलेल्या किरण विमानाचे आराखडे करणाऱ्यांचे प्रमुख डॉ. विष्णु माधव घाटगे हे आपल्या महाराष्ट्रातले. १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू या खेड्यात जन्मले. पुढे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल या फार मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. भारतात आराखडा केलेले एचटी-२ हे विमान १९५१ साली उडाले, ते त्यांचेच काम. किरण १९६४ साली ४ सप्टेंबरला पहिल्यांदा उडाले. हवाई दलातल्या वैमानिकांच्या कित्येक पिढ्या जेट चालवायला यावरच शिकल्या. १९९६ साली सुरू झालेल्या 'सूर्यकिरण' या कसरती करणाऱ्या पथकाचे नावही याच विमानावरून पडले. आमच्या वर्गातल्या काही जणांना लढाऊ विमानच करायचे होते. पण गुरुजींनी घाटग्यांचे गाव सांगितल्यावर सगळे किरणला तयार झाले.

आता ज्यांना करायचे आहे त्यांच्यासाठी मापे :

लांबी १०.६० मीटर – आपली १४.७ सेंमी
पंखविस्तार १०.७० मीटर – आपला १४.९ सेंमी (दोन्ही पंख आणि मधले धड मिळून!)
उंची ३.६४ मीटर – आपली ५.१ सेंमी

लांबी आणि पंखविस्तार जवळपास सारखेच आहेत, हे पाहून ठेवा. मोठ्या चौकोनी खोक्यात हे विमान बरोबर मावले पाहिजे. कुठे पंख बाहेर आला तर चुकले.

बाकीची मापे कुठे लिहिलेली नसतात. ती चित्रावरून काढायची. पण फोटोवरून काढू नका. फोटोत जवळचा पंख मोठा दिसतो आणि लांबचा लहान. वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन सरळ चित्रे एकत्र असलेला आराखडा लागतो. समजा आराखड्यात पंखविस्तार ५ सेंमी आहे. आपल्याला १४.९ हवा. १४.९ भागिले ५ म्हणजे २.९८. मग आराखड्यातले प्रत्येक माप २.९८ ने गुणायचे. तीन पट केले तरी फारसा फरक पडत नाही, पण मग सगळीकडे तीन पटच. मध्येच बदलायचे नाही.

धडासाठी आम्ही काकडीच्या चकत्या करतात तशा पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या. नाकाकडे लहान, मधे मोठ्या, शेपटीकडे पुन्हा लहान. किरणमध्ये शिकणारा आणि शिकवणारा शेजारी-शेजारी बसतात, म्हणून पुढचा भाग रुंद आहे, तो मुद्दाम तसाच ठेवा. चकत्यांच्या मधोमध भोक पाडून त्या सरळ काडीत ओवल्या, वरून कागदाच्या पट्ट्या फेविकॉलने चिकटवल्या आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासल्या. पंखांना जुन्या लग्नपत्रिका फार कामाला येतात, कारण त्या कडक असून पातळ असतात. पातळ का पाहिजेत? एक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंटिमीटर जाडीचा पत्रा! रंगाचेही तसेच. आमच्या पहिल्या विमानावर रंगाचा अर्धा मिलिमीटर थर बसला होता. खऱ्यावर तो साडेतीन सेंटिमीटरच्या वर झाला असता. आता आम्ही पाणी घालून पातळ केलेला रंग दोनदा देतो. पंख वाळेपर्यंत दोन्हीकडे सारख्या उंचीच्या काडेपेट्या टेकू म्हणून ठेवा, नाहीतर एक पंख झुकतो.

प्रवासी विमान करायचे म्हटले तर वेगळीच अडचण येते. एअर इंडियाने १९७१ साली बोइंग ७४७ ही जंबो जेट विमाने घेतली. पहिल्याचे नाव 'सम्राट अशोक'. खिडक्यांभोवती राजस्थानी झरोके रंगवलेले असत. एअर इंडियाकडे आता ती विमाने राहिलेली नाहीत. जंबोची लांबी सुमारे ७०.६ मीटर. मानवत रोड स्टेशनवर रेल्वेचे जुन्या पद्धतीचे निळे डबे पाहिलेत ना? तसे तीन डबे एकापुढे एक लावले तरी जंबो त्याहून लांब. १:७२ ने करायला गेलो तर लांबी ९८ सेंमी आणि पंखविस्तार ८३ सेंमी होतो. ठेवायचे कुठे? म्हणून प्रवासी विमाने बहुधा १:१४४ ने करतात, म्हणजे बहात्तरच्या दुप्पट. मग लांबी ४९ सेंमी आणि पंखविस्तार ४१.४ सेंमी. त्यात ते झरोके रंगवायला बारीकात बारीक पेनही जाडच पडते.

पण एक ध्यानात ठेवा. १:७२ चे किरण आणि १:१४४ चे जंबो शेजारी टांगू नका. पाहणाऱ्याला वाटेल जंबोचे पंख किरणच्या पावणेतीन पट आहेत. खरे तर ते साडेपाच पटीहून जास्त आहेत. दोन्ही विमाने वेगवेगळी बरोबर आणि शेजारी ठेवल्यावर चूक, अशी ही गंमत.

मोठ्या शहरांत विमानांचे तयार संच मिळतात. खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग असतात, ते चौकटीतून काढून चिकटवायचे. पंखावरची चिन्हे पाण्यात भिजवून लावायची. मापे कंपनीने काढलेली असतात म्हणून आपले डोके लागत नाही, असे आम्हाला वाटायचे. तेही खरे नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत गाजलेले आपले नॅट हे एकाच वैमानिकाचे छोटे लढाऊ विमान. लांबी ८.७४ मीटर, म्हणजे १:७२ ने फक्त १२.१ सेंमी. इंग्लंडच्या एअरफिक्स कंपनीने नॅटचा संच काढला, पण तो इंग्लंडमधल्या दोन जागांच्या शिकाऊ नॅटचा. त्याची लांबीही जास्त आणि पंखविस्तारही जास्त. त्यावर नुसते आपले तिरंगी गोल चिकटवले म्हणून ते आपले नॅट होत नाही. खोक्यावरचे नाव वाचून भागत नाही, आत काय आहे ते मोजावे लागते.

आमचे पुढचे विमान मिग-२१. नाशिकजवळ ओझर इथे १९६४ साली मिगसाठीच कारखाना उभा राहिला. आपल्या हवाई दलात मिग-२१ १९६३ साली आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला. म्हणजे आमच्या धाकट्या भावंडांना ते उडताना दिसणार नाही. पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे आपला ९.९ सेंमी. लांबीत मात्र एक मेख आहे. मिगच्या नाकापुढे एक लांब दांडी असते. ती धरली तर लांबी सुमारे १५.८ मीटर, आपली २१.९ सेंमी, आणि न धरता कमी. कोणत्या पुस्तकात कोणती लांबी दिली आहे, ते आधी बघावे लागेल. यावेळी रंग देण्याआधीच मिस्त्री काकांना बोलावणार आहोत. टेप त्यांचाच. दांडीसाठी खराट्याची काडी घासून पाहिली, पण ती एक मिलिमीटरच्या खाली जातच नाही. कोणाकडे त्याहून बारीक आणि सरळ काही असेल तर सातवीच्या वर्गात आणून द्यावे.