प्रकाश सापळ्याचा सर्किट बोर्ड : ‘किकॅड’ वापरताना येणाऱ्या अडचणी व त्यांचे निराकरण

प्रस्तावना

भातपिकावरील किडींच्या सर्वेक्षणात प्रकाश सापळ्याचे स्थान महत्त्वाचे आहे. पिवळा खोडकिडा, तपकिरी व हिरवे तुडतुडे, पाने गुंडाळणाऱ्या अळीचे पतंग हे सर्व रात्री दिव्याकडे आकर्षित होतात. सापळ्यात रोज सापडणाऱ्या कीटकांची नोंद ठेवल्यास किडीचे आगमन केव्हा झाले व तिचा चढता काळ कोणता, हे शेतातील नुकसान दिसण्यापूर्वीच समजते. सौर पॅनेल, बॅटरी आणि ठराविक वेळी दिवा लावणारा व विझवणारा नियंत्रक बोर्ड यांवर चालणारे सापळे आता अनेक ठिकाणी वापरात आहेत. हा बोर्ड स्थानिक पातळीवर तयार करता आला, तर तो दुरुस्तही स्थानिक पातळीवरच करता येतो. त्यासाठी ‘किकॅड’ ही मुक्त संगणक प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे.

किकॅडची सुरुवात १९९२ मध्ये फ्रान्समधील ग्रनोबल येथे ज्याँ-पिएर शारास यांनी केली. २०१३ पासून ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेनेही तिच्या विकासास हातभार लावला. महाराष्ट्रात आय.आय.टी. मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने विकसित केलेल्या ‘ई-सिम’ या प्रणालीतही किकॅडचा उपयोग केलेला आहे. याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात किकॅडवर पाठमालिका आहे. त्यामुळे प्रणाली शिकण्याचे साधन आपल्याकडे उपलब्ध आहे. अडचण येते ती प्रत्यक्ष बोर्ड तयार करताना. प्रस्तुत लेखात अशा नेहमीच्या अडचणी, त्यांची कारणे व उपाय यांचा विचार केला आहे.

उदाहरणासाठी क्षेत्र : पट्टीश्वरम्

विवेचनासाठी तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणमजवळचे पट्टीश्वरम् हे गाव घेऊ. धेनुपुरीश्वराच्या व दुर्गेच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात येते. तंजावरच्या भोसले राजवटीमुळे हा मुलूख मराठी वाचकास अपरिचित नाही. भातसंशोधनाच्या दृष्टीनेही या भागाला परंपरा आहे. कुंभकोणमच्या पूर्वेस असलेल्या आडुतुरै येथे १९२२ पासून भात संशोधन केंद्र कार्यरत आहे.

मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. त्यानंतर कुरुवै, मग सांबा आणि कुरुवैच्या कापणीनंतर ताळडी असे भाताचे हंगाम एकमेकांत गुंफलेले असतात. एका खाचरात कापणी, तर शेजारच्या खाचरात नुकतीच लावणी अशी स्थिती असल्याने खोडकिड्यास वर्षातील बराच काळ खाद्य मिळत राहते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असून हवेत आर्द्रता भरपूर असते. अशा ठिकाणी चालणारा बोर्ड कोकणातील भातखाचरातही चालेल, म्हणून हे उदाहरण आपल्या वाचकांनाही उपयुक्त ठरावे.

आपला बोर्ड साधा आहे असे धरू : १२ व्होल्टची बॅटरी, उलट जोडणीपासून संरक्षण करणारा डायोड, व्होल्टेज रेग्युलेटर, वेळ राखणारे घड्याळ, एक मायक्रोकंट्रोलर आणि १० वॅटचा दिवा चालू-बंद करणारा मॉसफेट. दिवा सूर्यास्तानंतर काही तासच चालावा, रात्रभर नव्हे. कारण रात्रभर जळणाऱ्या दिव्यावर मित्रकीटकही मोठ्या संख्येने मरतात.

अडचण १ : फाइल उघडत नाही

खेड्यात वीज अचानक जाते आणि संगणक बंद पडतो. पुन्हा सुरू केल्यावर ‘ही फाइल अन्यत्र उघडलेली आहे’ अशा अर्थाचा संदेश येतो. किकॅड फाइल उघडताना एक कुलूप-फाइल तयार करते आणि संगणक अकस्मात बंद पडल्यास ती तशीच मागे राहते. फाइल दुसऱ्या कोणी उघडलेली नाही याची खात्री करून ‘तरीही उघडा’ हा पर्याय निवडावा. काम नष्ट झाले असे वाटल्यास प्रकल्पाच्या फोल्डरमधील ‘बॅकअप्स’ हा उपफोल्डर पाहावा. सहाव्या आवृत्तीपासून किकॅड तेथे संपूर्ण प्रकल्पाच्या झिप प्रती आपोआप ठेवते.

दुसरे कारण आवृत्तीचे असते. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. दोन केंद्रांनी एकाच बोर्डावर काम करायचे असल्यास दोघांनी एकच मुख्य आवृत्ती वापरण्याचे आधी ठरवावे. जुन्या संगणकावर बोर्डाचे चित्र कोरे दिसत असेल किंवा अडखळत असेल, तर प्राधान्यक्रमांत जाऊन ‘ॲक्सिलरेटेड ग्राफिक्स’ ऐवजी ‘फॉलबॅक ग्राफिक्स’ निवडावे.

अडचण २ : विद्युत नियम तपासणीतील त्रुटी

सर्किटची आकृती पूर्ण झाल्यावर ‘ईआरसी’ ही तपासणी चालवतात. नवशिक्यास हमखास भेटणारी त्रुटी म्हणजे ‘इनपुट पॉवर पिन’ला कोणताही ‘आउटपुट पॉवर पिन’ वीज पुरवत नाही, ही. बॅटरी तर जोडलेली दिसते, मग त्रुटी का? कारण बॅटरीची तार जेथे जोडायची, त्या कनेक्टरच्या पिना किकॅडच्या लेखी निष्क्रिय असतात. वीज येथून येते हे प्रणालीस सांगावे लागते. त्यासाठी ‘पॉवर फ्लॅग’ हे चिन्ह धन वाहिनीवर व ग्राउंडवर लावावे. आपल्या बोर्डात बॅटरी आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये डायोड आहे. डायोडच्या पलीकडची तार ही वेगळी वाहिनी ठरते, म्हणून फ्लॅग डायोडनंतरच्या वाहिनीवर लावला तरच त्रुटी जाते.

दुसरी त्रुटी ‘पिन जोडलेली नाही’ ही. मायक्रोकंट्रोलरची जी पिन हेतुपुरस्सर मोकळी ठेवली आहे, तिच्यावर फुलीचे ‘नो कनेक्ट’ चिन्ह द्यावे. जी जोडलेली दिसते पण तपासणीत सुटी ठरते, तिचे कारण बहुधा ग्रिडमध्ये असते. चिन्हे १.२७ मि.मी.च्या ग्रिडवर बसवलेली असतात. ग्रिड बारीक करून तार ओढल्यास तिचे टोक पिनेच्या अगदी शेजारी थांबते. डोळ्यांस जोड दिसतो, प्रणालीस दिसत नाही. ग्रिड मूळ मापावर आणून चिन्ह व तार पुन्हा बसवावी.

तिसरे कारण नावांचे. तारांना दिलेल्या लेबलांत रोमन लिपीतील लहान-मोठी अक्षरे वेगळी मानली जातात. एका जागी सर्व अक्षरे मोठी व दुसऱ्या जागी लहान असतील, तर त्या दोन स्वतंत्र तारा ठरतात. तसेच साधे लेबल एका पानापुरतेच असते. दुसऱ्या पानाशी जोडण्यासाठी ‘ग्लोबल’ किंवा ‘हायरार्किकल’ लेबल लागते.

त्रुटी वगळण्याची सोय प्रणालीत आहे. कारण समजल्याशिवाय तिचा वापर करू नये.

अडचण ३ : चिन्ह बरोबर, पाय चुकीचे

ही सर्वांत घातक चूक आहे. कारण ती कोणत्याही तपासणीत सापडत नाही. आकृतीतील चिन्ह आणि बोर्डावर घटक बसण्याची जागा, म्हणजे ‘फुटप्रिंट’, या किकॅडमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे केवळ पिनेचा क्रमांक.

मॉसफेटला गेट, ड्रेन व सोर्स असे तीन पाय असतात. ‘टीओ-२२०’ या मोठ्या आवरणात त्यांचा प्रचलित क्रम गेट-ड्रेन-सोर्स असा असतो, तर ‘एसओटी-२३’ या छोट्या आवरणात पिन १ गेट, पिन २ सोर्स व पिन ३ ड्रेन असा क्रम बहुधा आढळतो. किकॅडच्या संग्रहात दोन्ही क्रमांची चिन्हे आहेत. छोट्या आवरणाचे चिन्ह घेऊन त्यास मोठ्या आवरणाचे फुटप्रिंट दिल्यास ड्रेन व सोर्स यांची अदलाबदल होते. ईआरसी निर्दोष येते, बोर्डाची तपासणीही निर्दोष येते.

मग शेतात काय घडते ते पाहू. दिव्याच्या ऋण बाजूस बसवलेला एन-चॅनेल मॉसफेट उलटा जोडला गेला, की त्याच्या आतील डायोडमधून वीज कायम वाहू लागते. गेटवर आज्ञा असो वा नसो, दिवा विझत नाही. बॅटरी पूर्ण उतरते आणि पुढच्या रात्री दिवा लागतच नाही. सकाळी सापळ्यात एकही पतंग नसतो व नोंदवहीत ‘शून्य’ लिहिले जाते. वास्तविक त्या रात्री पतंग उडत असतात, पानांवर अंडीपुंज पडत असतात. ‘नोंद नाही’ आणि ‘कीटक नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चुकीच्या शून्यावर विसंबून शेतकरी निर्धास्त राहिला, तर काही दिवसांनी गाभेमर आणि पुढे पळींज पाहण्याची वेळ येते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक ट्रान्झिस्टर, मॉसफेट व रेग्युलेटर यांचे उत्पादकाचे माहितीपत्रक समोर ठेवून पायांचा क्रम ताडून पाहावा. त्यानंतर बोर्डाची रचना कागदावर मूळ मापात, म्हणजे १:१ प्रमाणात, छापावी व विकत आणलेले घटक त्या कागदावर प्रत्यक्ष ठेवून पाहावेत. कपॅसिटरच्या पायांतील अंतर २.५ मि.मी. आहे की ५ मि.मी., टर्मिनलचे तोंड बाहेरच्या बाजूस आहे की आतल्या, हे एका कागदात कळते. छपाईपूर्वी ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद असल्याची खात्री करावी, अन्यथा माप बदलते.

अडचण ४ : बोर्डाच्या रचनेतील त्रुटी

आकृतीत बदल केला, पण बोर्डात तो दिसत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. बदल आपोआप पोहोचत नाहीत. एफ-८ ही कळ दाबून आकृतीवरून बोर्ड अद्ययावत करावा लागतो. ‘डीआरसी’ ही रचना-तपासणी चालवताना आकृती व बोर्ड यांतील मेळ तपासण्याचा पर्यायही निवडावा.

बोर्डाची बाह्यरेषा ‘एज कट्स’ या थरावर काढतात. रेषांची टोके एकमेकांस भिडली नाहीत, तर बाह्यरेषा सदोष असल्याची त्रुटी येते. चार सुट्या रेषांऐवजी आयताचे साधन वापरल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

ग्राउंडसाठी तांब्याचा मोठा पट्टा भरलेला असतो. घटक हलवल्यावर तो जुन्याच आकारात राहतो. ‘बी’ ही कळ दाबून तो पुन्हा भरावा. त्यानंतरही ‘न जोडलेले’ अशी त्रुटी राहिल्यास एखाद्या तारेने पट्ट्याचे दोन तुकडे केले आहेत का ते पाहावे.

तारेची रुंदी हा विषय दुर्लक्षिला जातो. १० वॅटच्या दिव्यास १२ व्होल्टवर सुमारे ०.८ अँपिअर प्रवाह लागतो. किकॅडमधील गणकयंत्रानुसार नेहमीच्या जाडीच्या तांब्यावर १० अंश तापमानवाढ धरल्यास १ अँपिअरसाठी सुमारे ०.३ मि.मी. रुंदी येते. मूळ निवडीतील ०.२ मि.मी.ची तार येथे अपुरी पडते आणि डीआरसी त्याबद्दल काहीच सांगत नाही. कारण प्रवाह किती हे तिला ठाऊक नसते. दिवा व बॅटरी यांच्या तारांसाठी वेगळा ‘नेट क्लास’ करून रुंदी १ मि.मी. किंवा अधिक ठेवावी.

अडचण ५ : कारखान्याकडे पाठवलेल्या फाइली

बोर्ड तयार करणाऱ्यास ‘गर्बर’ फाइली द्याव्या लागतात. दोन्ही बाजूंचे तांब्याचे थर, दोन्ही बाजूंचे मास्क, अक्षरांचा थर आणि बाह्यरेषा एवढे थर त्यात असावेत. छिद्रांची ‘ड्रिल’ फाइल वेगळी आज्ञा देऊन तयार करावी लागते व तीच अनेकदा राहून जाते. गर्बर व ड्रिल यांचा मूळ बिंदू एकच निवडावा; अन्यथा सर्व छिद्रे एका बाजूस सरकतात. पाठवण्यापूर्वी सर्व फाइली किकॅडच्याच गर्बर दर्शकात एकत्र उघडून पाहाव्यात. कारखान्याकडे जे जाणार आहे, ते तेथे दिसते.

सातव्या आवृत्तीपासून बोर्डावर संगणकातील फॉन्ट वापरता येतात. पट्टीश्वरम् येथील बोर्डावर तमिळ व आपल्याकडील बोर्डावर ‘बॅटरी’, ‘दिवा’, ‘सौर पॅनेल’ अशी मराठी अक्षरे छापल्यास जोडणी करणाऱ्याचे काम सुकर होते. मात्र मात्रा व जोडाक्षरे नीट उमटली आहेत का, हे गर्बर दर्शकात अवश्य पाहावे.

संगणकास न दिसणाऱ्या बाबी

प्रणाली आकृती व रचना तपासते, शेत तपासत नाही. अंधार ओळखणारा प्रकाश-संवेदक दिव्याजवळ बसवला, तर दिवा लागताच त्यास दिवस झाल्याचा भास होतो आणि दिवा उघडझाप करू लागतो. संवेदक आडोशाला ठेवावा किंवा वेळेसाठी घड्याळावर विसंबावे. दिव्याभोवती कीटक, त्यांच्यामागे पाली आणि उबेसाठी मुंग्या येतात; म्हणून पेटीची छिद्रे बारीक जाळीने बंद करावीत व बोर्डावर आर्द्रतारोधक लेप द्यावा. बोर्ड तयार झाल्यावर तो शेतात लावण्यापूर्वी सलग काही रात्री अंगणात चालवून दिवा लागण्याची व विझण्याची वेळ तपासावी.

नोंदवहीत कीटकांच्या संख्येशेजारी ‘दिवा किती वाजता लागला, किती वाजता विझला’ असा एक रकाना ठेवावा. दिवा लागला नसेल, तर संख्येच्या रकान्यात शून्य न लिहिता ‘सापळा बंद’ असे लिहावे.

सापळ्यातील संख्या हा इशारा आहे, फवारणीचा आदेश नव्हे. तपकिरी तुडतुडे सापळ्यात वाढू लागल्यावर खाचरात उतरून चुडाच्या बुंध्याशी निरीक्षण करावे. तामिळनाडूतील शिफारशीनुसार फुटव्यामागे १ तुडतुडा ही आर्थिक नुकसानीची पातळी मानतात. प्रत्येक चुडावर एक शिकारी कोळी असल्यास ती फुटव्यामागे २ तुडतुडे इतकी धरतात. आपल्या विभागात कृषी विद्यापीठाची शिफारस प्रमाण मानावी.

सारांश

१) ईआरसीतील प्रत्येक त्रुटीचे कारण समजून घ्यावे, ती लपवू नये.
२) मॉसफेट, ट्रान्झिस्टर व रेग्युलेटर यांच्या पायांचा क्रम माहितीपत्रकावरून ताडावा.
३) रचना १:१ प्रमाणात कागदावर छापून घटक ठेवून पाहावेत.
४) एफ-८ ने बोर्ड अद्ययावत करून, पट्टा पुन्हा भरून मगच डीआरसी चालवावी.
५) दिव्याच्या तारा रुंद ठेवाव्यात.
६) गर्बर व ड्रिल फाइली एकत्र उघडून पाहिल्यावरच पाठवाव्यात.
७) मूळ प्रकल्पाची फाइल सर्व संबंधित केंद्रांना द्यावी, म्हणजे एका ठिकाणी सापडलेला दोष सर्वत्र दुरुस्त होईल.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील तंत्रनिकेतन किंवा आय.टी.आय.च्या विद्यार्थ्यांना या कामात सहभागी करून घ्यावे. बोर्डाची जाण त्यांना असते, किडीची जाण शेतकऱ्यास असते. या दोघांनी एकत्र बसून तपासलेल्या सापळ्याच्या नोंदीवर फवारणीचा निर्णय अधिक विश्वासाने घेता येईल.