आधी टाकीची उंची, मग गिझर : बीडच्या नव्या घरातला गरम पाण्याचा हिशोब

स्लॅब पडतो, प्लंबर भिंतीत झिऱ्या मारायला घेतो आणि विचारतो, "साहेब, गिझरचा पॉइंट कुठं काढू?" बहुतेक जण "काढा बाथरूममध्येच" म्हणून मोकळे होतात. गिझर कोणता, तो कशावर चालणार, त्याला पाणी कुठून येणार हे ठरायचं असतं वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात, दुकानात उभं राहून. तोवर फरशी बसलेली असते आणि मग मिळेल त्या पॉइंटवर बसेल ते यंत्र घ्यावं लागतं.

आपल्यापुढं पर्याय चारच : विजेचा गिझर, गॅस गिझर, सोलर आणि बंब.

यातला कोणताही निवडण्याआधी पाणी बघा. बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर, काळ्या पाषाणावर वसला आहे. बोअरचं पाणी ठिकठिकाणी क्षाराचं. साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. दुकानदार खिशातून टीडीएसची पेनसारखी काडी काढून आकडा दाखवतो. तो आकडा विरघळलेल्या एकूण क्षारांचा असतो, कठीणपणाचा नव्हे. गिझरचा घात करतो तो कठीणपणा. तो प्रयोगशाळेतच मोजून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. तुमचं पाणी 200 च्या बरंच वर असेल तर पुढचा सगळा हिशोब बदलतो.

खर्चाचं गणित एकदा कागदावर मांडू. घरात चार माणसं, माणशी 20 लिटरची एक बादली, 20 अंशांचं पाणी 40 अंशांवर न्यायचं. त्याला लागतात 1600 किलोकॅलरी. विजेचं एक युनिट 860 किलोकॅलरी देतं. टाकीतली, पाइपातली उष्णतेची गळती धरून दिवसाला सव्वादोन युनिटांच्या आत-बाहेर, महिन्याला 66. गॅसची उष्णता किलोला 11 हजार किलोकॅलरी, त्यातली 80 टक्के पाण्याला लागली असं धरलं तर रोज 180 ग्रॅम, महिन्याला साडेपाच किलो.

आता दर. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली 100 युनिटं स्वस्त असतात, 101 ते 300 चा दर त्याच्या दुपटीच्या आसपास जातो. दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही आणि पाण्याची मोटर यांतच पहिली 100 बहुतेक संपतात. म्हणून गिझरची युनिटं कायम वरच्या दरानं मोजावीत, सरासरी दरानं नव्हे. इथंच लोक फसतात. वहन आकार, वीज शुल्क धरून युनिटला 12 रुपये धरले तर महिन्याला 790 रुपये. सिलिंडर 900 रुपयांचा धरला तर 14.2 किलोच्या हिशोबानं किलोला 63, म्हणजे महिन्याला 350 च्या आत. दर बदलतात. तुमच्या बिलावरचा आणि गॅसच्या पावतीवरचा ताजा आकडा घालून हेच गणित पुन्हा करा.

म्हणजे गॅस निम्म्याहून स्वस्त. गिझरही 4 ते 7 हजारांत येतो. मग सगळ्यांनी तोच घ्यावा? इथं टाकीची उंची आडवी येते. गॅस गिझर पाण्याच्या दाबावर पेटतो. नळ सोडला की आतला पडदा दाबला जातो, सेलवरची ठिणगी पडते आणि बर्नर धरतो. त्याला साधारण दोन-अडीच मीटर पाण्याचा दाब हवा. एकमजली घर, टाकी स्लॅबवरच टेकवलेली आणि गिझर भिंतीवर पाच फुटांवर, म्हणजे हाती उरतो दीड मीटर. मग नळ पूर्ण सोडला तर पेटतो, थोडा बारीक केला की विझतो. साबण लावलेल्या माणसाच्या अंगावर गार पाणी पडतं आणि शिव्या कंपनीला बसतात. टाकीला सहा-सात फुटांचा चौथरा बांधला असता तर ही वेळ आली नसती. कमी दाबावर चालणारी मॉडेलं मिळतात, ती मागून घ्या.

दुसरी गोष्ट जिवाशी खेळ आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवू नका. बंद खोलीत ज्योत प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. चक्कर येते आणि दार उघडायचंही भान राहत नाही. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून चालेल, हे प्लंबरचं बोलणं ऐकू नका. गिझर बाहेर, धुणी-भांड्याच्या उघड्या जागेत, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. गिझरवर आयएसआय खूण असावी, गॅससाठीच्या आयएस 15558 या मानकाची.

विजेच्या टाकीवाल्या गिझरला दाबाची फारशी फिकीर नाही, क्षाराची मात्र आहे. कॉइलवर खार चढला की पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं आणि एक दिवस कॉइल जळते. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे थर्मोस्टॅट 75 वर न ठेवता 50-55 वर ठेवणं. पाणी जितकं जास्त तापवाल तितका खार जास्त बसतो. आतून काचेचा मुलामा असलेली टाकी घ्या आणि टाकी गंजू नये म्हणून आत असणारी मॅग्नेशियमची कांडी वर्षा-दोन वर्षांनी बदलायला सांगा. 15 लिटरचा गिझर 6 ते 10 हजार, 25 लिटरचा 8 ते 13 हजार. 15 लिटर पाणी 55 अंशांवर असलं तर गार पाणी मिसळून सव्वा बादली होते, हे ध्यानात ठेवा. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर तीन-साडेतीन हजारांत मिळतो, पण डिसेंबरात त्याची धार मिनिटाला पावणेदोन लिटरच पडते. तो बेसिनसाठी ठीक. वायरिंग करतानाच गिझरला स्वतंत्र वायर, वेगळी एमसीबी, चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारी कळ) मागा. बिलावरचा मंजूर भारही तपासा.

आता सोलर. 200 लिटरचा काचेच्या नळ्यांचा संच 30 ते 40 हजारांत बसतो. तांब्याच्या सपाट पत्र्याचा त्याहून महाग आणि क्षाराच्या पाण्यात त्याच्या बारीक नळ्या तुंबतात, म्हणून आपल्याकडे काचेच्याच बऱ्या. "दोन वर्षांत पैसे वसूल" हे विक्रेत्याचं वाक्य तपासून बघा. उन्हाळ्यात स्लॅबवरची टाकीच इतकी तापते की गरम पाणी लागतंच कुणाला? वर्षातले आठ महिने धरले तर विजेच्या तुलनेत 6,300 रुपये वाचतात, म्हणजे 35 हजार फिटायला साडेपाच वर्षं. गॅसच्या तुलनेत बारा वर्षांहून जास्त. अनुदानाच्या आशेवर राहू नका. पीएम सूर्यघर योजनेचं 78 हजारांपर्यंतचं अनुदान छतावरच्या विजेच्या पॅनेलला आहे, पाणी तापवायच्या संचाला नाही.

शिवाय सोलरला रोज भरलेली टाकी लागते. नळाला रोज पाणी नाही, बोअर एप्रिलात आटतो, टँकरची वाट बघावी लागते. नळ्या कोरड्या पडून भर दुपारी तापल्या आणि मोटर लावून गार पाणी सोडलं की काच तडकते. दुष्काळात पाण्यावाचून 2015 साली परळीच्या औष्णिक केंद्राचे संचसुद्धा बंद ठेवावे लागले होते, तिथं छपरावरच्या संचाची काय कथा! टाकी रिकामी झाली तर नळ्यांवर पोतं टाका आणि पाणी संध्याकाळी किंवा भल्या पहाटे भरा. 2014 ची गारपीट आठवत असेल तर वॉरंटीत गारांनी फुटलेल्या नळ्या धरल्यात का, तेही विचारा. सोलरलाही गार पाण्याची टाकी संचाच्या वर हवी, म्हणजे पुन्हा तोच सहा-सात फुटांचा चौथरा. पाऊण इंची पाइप 15 मीटर लांब असेल तर त्यात रात्रभर गार झालेलं चारेक लिटर पाणी उभं असतं. ते मोरीत सोडू नका, बादलीत धरा. ढगाळ दिवसांसाठी 200 लिटरच्या टाकीत कॉइल टाकून घेण्यापेक्षा बाथरूममध्ये 15 लिटरचा गिझर परवडतो.

ज्या घरची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्यांनी सोलरच्या नादी लागूच नये. नेमक्या थंडीच्या महिन्यांत घराला कुलूप असतं किंवा म्हातारी माणसं दोघंच. शेतात कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या पडून आहेत, अंगणात जागा आहे, तर तांब्याचा बंब अजूनही सगळ्यांत स्वस्त. फक्त तो मोकळ्यात पेटवा.

माझं मत विचाराल तर शहरातल्या चौकोनी कुटुंबानं टाकी उंच बांधून गॅस गिझर बाहेर लावावा. पाणी बारमाही असेल, माणसं सहा-सात असतील आणि बिल 300 युनिटांच्या वर जात असेल, तरच सोलर. भाडेकरू ठेवायचा असेल तर विजेचाच, म्हणजे ज्याचं बिल त्यानं भरावं. काहीही ठरवा, गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची किंवा तिच्या तोडीची टाका. साधी पीव्हीसी गरम पाण्यानं वाकते.

बिल घेताना वॉरंटी कार्डाचा बारीक मजकूर दुकानातच वाचा. बऱ्याच कंपन्या ठरावीक कठीणपणाच्या वर टाकीची वॉरंटी देत नाहीत. पाण्याचा अहवाल खिशात असेल तर दुकानदाराकडून त्याच बिलावर लिहून घ्या, की या पाण्याला ही वॉरंटी लागू आहे. लिहून द्यायला तो का-कू करत असेल तर शेजारच्या दुकानात चौकशी करा.