बाल्साचे हातफेकी ग्लायडर : एक कृतिपाठ

इयत्ता : चौथी-पाचवी
विषय : परिसर अभ्यास, गणित, कार्यानुभव
वेळ : तीन तासिका



खारदांड्याच्या मुलांना डोक्यावरून जाणारे विमान रोजचेच. उत्तरेला थोड्याच अंतरावर जुहूचा विमानतळ आहे, तो १९२८चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तिथेच उतरले होते. ही माहिती मुले पाठ करतात, पण 'विमान पडत का नाही?' हा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्याचे उत्तर हाताने शोधायला ग्लायडर चांगले. त्याला इंजिन नाही, त्यामुळे सगळा खेळ तोलाचा.

साहित्य
बाल्साचे पातळ पत्रे (२ मिमी), ३ × १० मिमीची पट्टी, फेव्हिकॉल, बारीक पॉलिश पेपर, पट्टी, पेन्सिल, खेळण्यातली माती.

बाल्सा मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले झाड, आपल्या काटेसावरीच्याच कुळातले. लाकूड सागाच्या साधारण पाव वजनाचे. हॉबीच्या दुकानात मिळते. नाहीच मिळाले तर थर्माकोलच्या पातळ पत्र्यावर हाच पाठ घेता येतो.

कृती
१) पंख ३० × ६ सेंमी, आडवे शेपूट १२ × ४ सेंमी, उभे शेपूट ४ × ५ सेंमी आखून घ्या. लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीच्या दिशेने हव्यात, नाहीतर पंख मोडतो. आखणी मुलांची, कटर मोठ्यांच्या हातात.
२) पंख मधोमध कापा. सांध्याच्या कडा किंचित तिरप्या घासा. एक अर्धा टेबलावर सपाट ठेवा, दुसऱ्याचे टोक ५ सेंमी वर टेकवून चिकटवा. पंखाला उथळ 'व्ही' आकार येतो. ग्लायडर कलले की हाच आकार त्याला सावरतो.
३) पट्टी २८ सेंमी लांब घ्या, टोक गोल घासा. नाकापासून ७ सेंमीवर पंखाची पुढची कड येऊ द्या. शेपट्या अगदी मागे. रात्रभर वाळू द्या.
४) पंखाच्या पुढच्या कडेपासून २ सेंमीवर दोन्ही बाजूंना बोटांची टोके टेकवून ग्लायडर उचला. ते आडवे राहीपर्यंत नाकाला माती लावा.

इथे कुणीतरी घरून जाळ्याची शिशाची गोळी आणेलच! कल्पना हुशारीची आहे, तसे म्हणाही. पण शिसे विषारी, मुलांच्या हातात ते नको, मातीच वापरा.

उडवणे आणि नोंद
दुपारी समुद्राकडून खारे वारे जोरात येतात, म्हणून सकाळची वेळ धरा. भूगोलातले खारे आणि मतलई वारे इथे आपोआप शिकवून होतात. जागा मोकळी हवी. रस्ता आणि वाळत घातलेली मासळी यांपासून लांब. समोर कुणी उभे नको. वाऱ्याकडे तोंड करून खांद्याच्या उंचीवरून, नाक किंचित खाली ठेवून हळूच सोडायचे. जोर लावायचा नाही.

• वर चढते, थबकते, आपटते : शेपूट जड. नाकाला थोडी माती वाढवा.
• सरळ नाकावर पडते : नाक जड. माती कमी करा. तोल बरोबर असूनही पडत असेल तर आडव्या शेपटीच्या मागच्या कडेवर तोंडाची वाफ द्या आणि ती मिलिमीटरभर वर वाकवा.
• एकाच बाजूला वळते : पंखाला पीळ आहे का ते समोरून बघा.

वहीत चार रकाने : फेक क्रमांक, केलेला बदल, अंतर, काय दिसले. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर तीन फेकी. तिन्हींची सरासरी काढली की गणितही झाले.

महत्त्वाचे
या पाठातला अवघड भाग आपल्यासाठी आहे. ग्लायडर पडले की आपला हात आपोआप पुढे जातो, "आण इकडे, मी करून देतो." तिथे थांबायचे. "कसं पडलं?" एवढंच विचारायचं. कोळीवाड्यातल्या मुलाला होडीत सगळे एका बाजूला बसले तर काय होते हे सांगावे लागत नाही. ते ज्ञान त्याच्याकडे आहेच. फक्त ते आणि हातातले ग्लायडर यांची गाठ त्याने स्वतः घालायला हवी. आपण माती लावून दिली तर ग्लायडर उडेल, पण कारण आपल्याकडेच राहील.

मूल्यमापन
सर्वांत लांब कुणाचे गेले यावर गुण नकोत. पहिल्या आणि शेवटच्या फेकीत काय बदलले आणि का, हे मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येते का ते पाहा. वही त्याच्या हातात असू द्या. तुटलेले पंखही टाकू नका, चिकटवून पुन्हा तोलायला लावा.