व्हँकुव्हर पद्धतीचा पेच

प्रश्न : कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी वैद्यकीय अधिकारी आहे. विणकाम खात्यातल्या कामगारांच्या श्रवणक्षमतेवर शोधनिबंध लिहिला. ‘संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीने द्या’ असं सांगून जर्नलने तो परत पाठवला. काय बदलू?

उत्तर : डॉक्टर, तुमची यादी बहुधा आडनावांच्या अक्षरक्रमाने लागली असावी. १९७८ साली व्हँकुव्हरला जमलेल्या वैद्यकीय संपादकांच्या गटातून निघालेल्या या पद्धतीत क्रमांक चालतात : मजकुरात जो संदर्भ पहिला येतो तो १. पुढे तोच पुन्हा आला, तरी क्रमांक तोच. सहापर्यंत लेखक असतील तर सगळ्यांची नावं. त्याहून जास्त असतील तर पहिली सहा आणि ‘एट अल’. काही जर्नल्स तिनावरच थांबतात, म्हणून त्यांच्या लेखक-सूचना आधी वाचा. जर्नलच्या नावाचं लघुरूप मनाने करू नका, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या (एनएलएम) कॅटलॉगमधून घ्या.

मध्येच नवा संदर्भ घुसला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर ते सांभाळतं. त्यात आपोआप भरलेली माहिती मात्र तपासाच. चॅटबॉटने सुचवलेला संदर्भ तर मूळ लेख उघडून वाचल्याशिवाय घेऊच नये. असे कित्येक लेख अस्तित्वातच नसतात. एखादा लेख मागे घेतला गेलाय का, तेही पबमेडवर पाहा.