तू भांडू नकोस, क्लिप पाठव

हे बघ, तू सायकल घेतलीस याचा मला फार आनंद झालाय. आईला अजून सांगितलेलं नाहीस, हेही मला कळलंय. तिला कसं सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू. आज मात्र तुझ्या त्या प्रश्नाबद्दल बोलू या: सायकलला कॅमेरा लावावा का, आणि कुणी अंगावर गाडी घातली तर ते चित्रण पोलिसांना द्यावं का?

लाव. आणि दे. आता का आणि कसं ते नीट ऐक.

आपण पुण्यात सायकल शिकलो तेव्हा मागून गाडी आली की आधी तिचा हॉर्न ऐकू यायचा. तेव्हा त्या कलकलाटाचा वैताग यायचा, पण मागे काहीतरी आहे एवढं तरी कळायचं. इथे इंग्लंडमध्ये हॉर्न जवळपास वाजतच नाही. गाडी गुपचूप मागून येते, कोपराला घासल्यासारखी जाते, आणि आपल्याला कळेपर्यंत ती पुढे निघूनही गेलेली असते. हँडल डगमगतं, छाती धडधडते, आणि गाडीवाल्याला मात्र आपण काही केलं याचा पत्ताही नसतो. याला इथे ‘क्लोज पास’ म्हणतात. तुला हा अनुभव येणार, पोरी, आणि बाई म्हणून जरा जास्तच येणार. वेस्टमिन्स्टर विद्यापीठातल्या रेचल ऑल्ड्रेड यांनी ब्रिटनमधल्या सायकलस्वारांकडून थोडक्यात टळलेल्या प्रसंगांच्या नोंदी गोळा केल्या होत्या. त्यात मैलामागे बायकांच्या वाट्याला असे प्रसंग पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आले होते. बायका सावकाश चालवतात, म्हणून त्यांना ओलांडून जाणाऱ्या गाड्याही जास्त, असं त्यामागचं मुख्य कारण निघालं. तेव्हा आपल्याला सायकल नीट येत नाही म्हणून हे होतंय, असं मनात आणू नकोस.

नियम काय आहे ते पाठ करून ठेव. २९ जानेवारी २०२२ पासून इथल्या हायवे कोडमध्ये स्पष्ट लिहिलंय की ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर सोडावं, आणि वेग जास्त असेल तर त्याहूनही जास्त. दीड मीटर म्हणजे जवळजवळ तुझ्या उंचीएवढं. शांत रस्त्यावर, गर्दीच्या संथ वाहतुकीत किंवा चौकाजवळ तू लेनच्या मधोमध चालवू शकतेस, हेही त्याच कोडमध्ये आहे. आपल्या मुली कडेकडेने, फुटपाथला चिकटून चालवतात. आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलेलं असतं. पण कडेला गेलीस की मागच्याला वाटतं, याच लेनमधून आपली गाडी निघून जाईल. मग तो घुसतो. कुणी खिडकीतून ‘तू रोड टॅक्स भरत नाहीस’ असं ओरडला तर मनाला लावून घेऊ नकोस. फक्त रस्त्यांसाठी राखून ठेवलेला असा कर या देशात १९३७ सालीच बंद झाला. आता गाड्यांवर जो कर आहे तो सरकारी तिजोरीत जातो, आणि रस्त्यांचा खर्च तुझ्या-माझ्या करांतूनही होतो.

आता तुझ्या मनातली खरी भीती. तू फोनवर म्हणालीस, ‘ताई, आपण परक्या देशात, व्हिसावर. कशाला पोलिसांच्या भानगडीत पडायचं?’ हे वाक्य मी इथल्या कितीतरी मराठी घरांत ऐकलंय. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्या रक्तातच आहे आणि त्याला कारणंही आहेत. आपल्याकडे साक्षीदाराचे काय हाल होतात ते आपण पाहिलंय. पण इथे तू गुन्हेगार नाहीस, तक्रारखोरही नाहीस. तू साक्षीदार आहेस. साक्ष दिल्याने व्हिसावर काही परिणाम होत नाही. आणि ही चहाडीही नव्हे. दोन टन वजनाची गाडी माणसाच्या अंगाजवळून नेणाऱ्याला कुणीतरी थांबवायला हवं. त्याला कुणीच थांबवलं नाही तर पुढच्या वळणावर तुझ्याऐवजी शाळेतून घरी निघालेलं एखादं पोर असेल.

पोलिसांना हे चित्रण हवं असतं, यावर तुझा विश्वास बसत नाहीये. तर ऐक. उत्तर वेल्सच्या पोलिसांनी २०१६ साली ‘ऑपरेशन स्नॅप’ सुरू केलं. नागरिकांनी गाडीतल्या किंवा सायकलवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण ऑनलाइन द्यायचं आणि पोलिसांनी ते तपासून कारवाई करायची. पुढे ते साऱ्या वेल्समध्ये आणि इंग्लंडमधल्या अनेक पोलीस दलांत पसरलं. लंडनच्या पोलिसांचा स्वतःचा वेगळा फॉर्म आहे. आणि तुझ्या बर्मिंगहॅमचे, म्हणजे वेस्ट मिडलँड्सचे पोलीस तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे होते. २०१६ च्या सप्टेंबरात त्यांनी साध्या वेशातला पोलीस सायकलवर बसवून रस्त्यावर सोडला. जो गाडीवाला त्याच्या फार जवळून जाई, त्याची खबर पुढच्या सहकाऱ्याला दिली जाई. तो त्याला बाजूला घेई आणि जमिनीवर अंथरलेल्या मोठ्या चटईवर रस्ता, सायकल आणि सोडायचं अंतर दाखवून समजावून सांगे. मला ती चटईची कल्पना फार आवडते. कितीतरी चालकांना किती अंतर सोडायचं हे खरंच माहीत नसतं, आणि ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

आता पाठवायचं कसं. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुदत, आणि तिथेच आपल्या मुली चुकतात. ‘शनिवारी बघू’ म्हणून ठेवून देतात. बेदरकार किंवा निष्काळजी गाडी चालवल्याबद्दल खटला भरायचा असेल तर पोलिसांना १४ दिवसांच्या आत गाडीच्या नोंदणीकृत मालकाला नोटीस पोचवावी लागते. म्हणजे तुझी क्लिप बघायची, गुन्हा बनतो का ते ठरवायचं, नंबरावरून मालक शोधायचा आणि टपाल टाकायचं, हे सगळं त्या चौदा दिवसांत. म्हणून बरीच दलं तुझ्याकडून काही दिवसांतच चित्रण मागतात. तू त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी पाठव. नोटीस गेली की त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे मालकाला २८ दिवसांत सांगावंच लागतं. सांगितलं नाही तर त्याच्याच लायसन्सवर शिक्षेचे ६ पॉइंट चढतात. त्यामुळे चालकाचा चेहरा दिसला नाही म्हणून हिरमुसू नकोस. नंबर हवा.

आणि नंबर मिळवणं हीच खरी कला आहे. इथे गाडीच्या पुढची पाटी पांढरी आणि मागची पिवळी असते. हँडलवरच्या कॅमेऱ्यात तुला ओलांडून गेलेल्या गाडीची पिवळी पाटी येते. सीटखालच्या कॅमेऱ्यात ती कशी आली, किती वेगात आली, बाजूला सरकली की नाही, ते येतं. दोन्ही असतील तर उत्तमच. एकच परवडत असेल तर पुढचा घे. पावसात काचेवर थेंब बसतो आणि अंधारात दिव्याच्या झोतात पाटी नुसती पांढरी ढेप दिसते. म्हणून गाडी गेली की तिचा नंबर मोठ्याने म्हण. आवाजही रेकॉर्ड होतो. लाज वाटू देऊ नकोस. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ बरोबर आहे ना ते अधूनमधून बघ, विशेषतः मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, इथली घड्याळं बदलतात तेव्हा.

क्लिपला कात्री लावू नकोस. वर गाणं नको, बाण नको, लाल गोल नको. प्रसंगाच्या आधीचा मिनिट-दोन मिनिटांचा भाग आणि नंतरचा थोडा, आहे तसा दे. आधीचा भाग का, ते समजून घे. तू कशी चालवत होतीस तेही त्यांना बघायचं असतं. तू लाल सिग्नल तोडून पुढे आली असशील तर ते त्यात दिसेल, आणि त्यासाठी तुझ्यावरही कारवाई होऊ शकते. तसं व्हायलाही हवं. संध्याकाळी पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावल्याशिवाय घराबाहेर पडू नकोस. ते कायद्यानेच बंधनकारक आहे. मूळ फाइल मात्र जपून ठेव. कॅमेरा कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं लिहितो, तेव्हा घरी आल्या आल्या ती दुसरीकडे उतरवून घे. फॉर्ममध्ये जे घडलं तेवढंच लिही. ‘तो माणूस राक्षस होता’ असं नको. ‘निळी गाडी, अमुक रस्ता, समोरून दुसरी गाडी येत असतानाही मला ओलांडलं, मी डावीकडे सरकले’ एवढं पुरे.

पुढे काय होतं? कधी नुसतं समज देणारं पत्र जातं. कधी चालकाला पैसे भरून प्रशिक्षणाच्या वर्गाला बसवतात. निष्काळजी चालवल्याबद्दल १०० पौंड दंड आणि ३ पॉइंट होऊ शकतात. हातात फोन असेल तर २०० पौंड आणि ६ पॉइंट. लायसन्स मिळून दोन वर्षं झालेली नसतील तर त्या सहा पॉइंटांतच ते रद्द होतं. तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की बहुधा सहा महिने तरी गाडी बंद. सिनेदिग्दर्शक गाय रिची यांना २०२० साली असंच सहा महिने गाडी चालवायला बंदी झाली होती. हाइड पार्कजवळ गाडीत फोन वापरताना त्यांचं चित्रण माइक व्हॅन अर्प या सायकलस्वाराने केलं होतं, आणि लायसन्सवर आधीचेच ९ पॉइंट होते. व्हॅन अर्प यांचे वडील झिंबाब्वेमध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या धडकेत गेले. हा माणूस एवढा चिकाटीने हे काम का करतो, ते त्यावरून कळतं.

पण तू व्हॅन अर्प होऊ नकोस, असं मी तुला सांगणार आहे. ते मुद्दाम रस्त्यावर उभे राहून फोनवाले चालक शोधतात. त्यांना शिव्या आणि धमक्या मिळतात, आणि ते जाणूनबुजून ते झेलतात. बीबीसीचे निवेदक जेरेमी व्हाइन वर्षानुवर्षं आपल्या सायकलवरच्या क्लिपा लोकांसमोर टाकत होते. २०२५ मध्ये त्यांनी ते थांबवलं, कारण येणाऱ्या शिवीगाळीला ते कंटाळले. एवढ्या नावाजलेल्या माणसाची ही गत, तर एकट्या राहणाऱ्या, रोज त्याच रस्त्याने, त्याच वेळी जाणाऱ्या तरुण मुलीने आपली क्लिप जगासमोर का ठेवावी? खटला चालणार असेल तर पोलिसांनाही ते आवडत नाही. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकू नकोस. आई ती दहा वेळा बघेल आणि रात्रभर जागी राहील.

आणि सिग्नलला ती गाडी तुला पुन्हा सापडली तर? काच ठोठावू नकोस. मान्य आहे, रक्त उसळलेलं असतं आणि जाब विचारावासा वाटतो. विचारण्याचा तुला हक्कही आहे. पण तो चार दारांच्या लोखंडात बसलाय आणि तू उघड्यावर आहेस, तोही चिडलेला असेल, आणि तिथे तुझ्या बाजूने बोलायला कुणी नाही. त्याच्याकडे बघूही नकोस. पुढे जा, सुरक्षित जागी थांब, पाणी पी, हातपाय कापायचे थांबले की मग निघ. कॅमेरा मी तुला घ्यायला सांगते तो याचसाठी. भांडायची जबाबदारी तुझ्या डोक्यावरून उतरते. धडक झाली, लागलं, किंवा कुणी धमकावलं, तर मात्र फॉर्म भरत बसू नकोस. लगेच ९९९ ला फोन कर.

एका गोष्टीची तयारी ठेव. तू पाठवलेल्या सगळ्या क्लिपांवर कारवाई होणार नाही. काही दलं कडक आहेत, काही ढिली. हायवे कोडमधला दीड मीटर हा ‘सोडावं’ असा नियम आहे. तो मोडला एवढ्यानेच गुन्हा ठरत नाही, पण निष्काळजीपणा सिद्ध करताना तो पुरावा म्हणून धरता येतो. त्यामुळे तुला भयंकर वाटलेली एखादी क्लिप ‘पुढील कारवाई नाही’ म्हणून परत येईल, आणि कित्येकदा तर काय झालं हे कुणी कळवणारही नाही. मला याचा राग येतो. इतक्या लोकांनी जिवावर बेतलेले क्षण विश्वासाने सोपवले, तर एका ओळीचं उत्तर तरी प्रत्येकाला मिळायला हवं, हे माझं ठाम मत आहे. पण तेवढ्यावरून पाठवायचं थांबवू नकोस. एकाच गाडीबद्दल दुसऱ्या कुणी पाठवलेली क्लिपही त्यांच्याकडे असू शकते.

चालकाने गुन्हा नाकारला तर प्रकरण कोर्टात जाईल. मग तुला लेखी जबाब द्यावा लागेल, क्वचित हजरही राहावं लागेल, आणि तिथे त्याला तुझं नाव कळेल. हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. बोलावणं आलं तर घाबरून फोन बंद करून बसू नकोस. मला कळव. मी रजा टाकून तुझ्याबरोबर येईन.