गाईड-वर्कबुक कोण ठरवतं?

प्रश्न : मुलगी डिचोलीच्या मराठी प्राथमिक शाळेत तिसरीला आहे. पाठ्यपुस्तकांशिवाय खासगी प्रकाशनाचं वर्कबुक घ्यायला सांगितलंय. हे ठरवतं कोण? आम्हाला विचारायला नको का?
– एक पालक, डिचोली

उत्तर : अवश्य विचारायला हवं. प्राथमिक इयत्तांचा अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकं यांचं काम पर्वरीची एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) पाहते, नववीपासून पुढे गोवा शालान्त मंडळ. वर्कबुक हे पूरक साहित्य. त्याची निवड बहुधा शाळेतच होते. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देते, तरी तो सल्ला नोंदवून घ्यायला लावा.

वर्कबुक पारखताना गुळगुळीत कागद पाहू नका. ‘43 वजा 17’चं पान उघडा. दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुटे कसे होतात हे चित्रातून दाखवलंय, की थेट ‘हातचा घ्या’ म्हणून वीस उदाहरणं दिलीत? दुसरं असेल तर ते पुस्तक फक्त सराव देईल, समज नाही. मग वाहतुकीचा पाठ पाहा. पेडण्यातल्या मुलाला केरी-तेरेखोलची फेरीबोट ठाऊक असते. पुस्तकात नुसती मेट्रो असेल तर त्याला बोलायला काय उरतं? सरकारी पुस्तकांनाही हीच कसोटी लावा.

समितीच्या पुढच्या बैठकीत वर्कबुक आणि पाठ्यपुस्तक शेजारी ठेवून शिक्षकांना विचारा, यातून नवीन काय मिळतं? समाधान झालं नाही, तर भागशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा.